स्क्रॅबल: दोन-तीन अक्षरी शब्द केव्हा लावावेत?

सांजवात

आमच्या घरी दर रविवारी दुपारची जेवणे आटोपली की स्क्रॅबलचा, म्हणजे ठरावीक गुणांच्या अक्षर-टाइल्स जोडून इंग्रजी शब्द लावण्याच्या खेळाचा, पट मांडला जातो. माझे धाकटे दीर आणि मी असे दोघेच खेळतो आणि प्रत्येक खेळीचा शब्द व गुण एका वहीत लिहून ठेवतो. पहिली तीन-चार वर्षे मी जवळजवळ प्रत्येक डाव हरले. आपला इंग्रजी शब्दसंग्रह तोकडा पडतो अशी माझी समजूत होती, म्हणून मी लांबलचक शब्दांच्या मागे लागले आणि तरीही हरत राहिले. मागच्या दिवाळीत ती वही पहिल्या पानापासून सलग वाचली, तेव्हा लक्षात आले की बहुतेक डावांत लांब शब्द माझे होते आणि गुण मात्र दिरांचे होते. ते तीन अक्षरे लावून तीस गुण घेत होते आणि मी सहा अक्षरे लावून चौदा.

तेव्हापासून छोट्या शब्दांचा जो अभ्यास केला, तो येथे मांडते. जाणकारांनी भर घालावी आणि चुकले असेल तेथे सांगावे. रोमन अक्षरे मी त्यांच्या नावांनी लिहीत आहे, म्हणजे क्यू आणि आय या दोन अक्षरांचा शब्द ‘क्यू-आय’.

एक खेळी सविस्तर सांगते. समजा, पहिल्या खेळाडूने एल-ए-टी-ई हा शब्द आडवा लावला आणि त्यातील टी पटाच्या अगदी मधल्या घरावर आला. चार अक्षरांचे चार गुण आणि मधले घर शब्दाचे गुण दुप्पट करणारे, म्हणून आठ. आता माझ्याकडे ए, एक्स आणि ई आहेत. ए-एक्स-ई, म्हणजे कुऱ्हाड, हा शब्द मी त्या शब्दाला छेद देऊन उभा न लावता त्याच्या बरोबर खाली, एल-ए-टी या तीन अक्षरांना चिकटवून आडवाच लावला, तर वरून खाली वाचताना आणखी तीन शब्द तयार होतात: एल-ए, ए-एक्स आणि टी-ई. तिन्ही मान्य आहेत. शिवाय एक्स नेमका मधल्या घराच्या तिरक्या शेजारच्या फिकट निळ्या घरावर येतो, जेथे अक्षराचे गुण दुप्पट होतात. एक्सचे आठाचे सोळा होतात आणि हे सोळा आडव्या शब्दातही धरले जातात व उभ्या शब्दातही. हिशेब असा: ए-एक्स-ईचे १८, ए-एक्सचे १७, उरलेल्या दोन शब्दांचे प्रत्येकी २, एकूण ३९. हाच शब्द साध्या घरांवर, एकही नवा जोडशब्द न करता लागला असता तर दहा गुण मिळाले असते. मी इतकी वर्षे दहाच घेत होते, कारण दोन शब्द एकमेकांना खेटून समांतर ठेवायचे हे मला सुचतच नव्हते. शब्दकोड्याच्या सवयीमुळे डोळा फक्त छेद शोधत असे.

समांतर खेळायचे तर प्रत्येक जोडीचा शब्द झाला पाहिजे, आणि त्यासाठी दोन अक्षरी शब्द पाठ हवेत. कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशाच्या, स्क्रॅबलमध्ये मान्य शब्दांच्या २०१९ च्या यादीत ते १२७ आहेत. वर्णानुक्रमाने पाठ करू नयेत असे माझे मत आहे, कारण पटावर ते वर्णानुक्रमाने उपयोगी पडत नाहीत. मी प्रथम महाग अक्षरांचे शिकले: क्यू-आय, झेड-ए, झेड-ओ, जे-ओ आणि एक्सचे पाच, म्हणजे ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स, एक्स-आय, एक्स-यू. त्यानंतर स्वरांनी रॅक, म्हणजे पिशवीतून उचललेल्या सात टाइल्स ठेवण्याची पट्टी, तुंबते तेव्हा सुटका करणारे: ए-ए, ए-ई, ए-आय, ओ-ई, ओ-आय. मग एकही स्वर हाती नसताना चालणारे: एच-एम, एम-एम, एस-एच. इतके आले तरी खेळ बदलतो. बाकीचे सावकाश येतात.

महाग अक्षर गडद निळ्या, म्हणजे तिप्पट गुणांच्या घरावर दोन्ही दिशांनी बसले तर काय होते, ते मी आयुष्यात दोनदा अनुभवले आहे. उजवीकडे एक आय, खाली दुसरा आय आणि मधल्या कोपऱ्यात तिप्पट घर. तेथे क्यूची एकच टाइल ठेवली की ३१ आडवे आणि ३१ उभे, मिळून ६२. हातातल्या सातही टाइल्स एकाच खेळीत लावल्याबद्दल जे ५० गुण जादा मिळतात, त्यांहून हे अधिक आहेत, आणि हातातल्या सहा टाइल्स जागच्या जागी राहतात.

कोकणवारा

लेख आवडला. हिशेब पटावर मांडून पाहिला, बरोबर आहे. तरीही एक शंका मनापासून मांडतो. मी तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. आमच्याकडे हा खेळ मुलांची भाषा सुधारावी म्हणून आणला जात असे. एक्स-यू किंवा ओ-ई असे शब्द, ज्यांचा अर्थ लावणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि जे त्याने कधी कोठल्या वाक्यात वाचलेले नाहीत, ते केवळ यादीत आहेत म्हणून लावायचे, यात भाषेचे काय राहिले? माझा नातू असे शब्द धडाधड लावतो आणि अर्थ विचारला की गप्प बसतो. त्या वेळी मला खरोखर वाईट वाटते.

सांजवात

सर, आपली खंत मला समजते, कारण सुरुवातीला दिरांच्या शब्दांवर मीही हीच हरकत घेत असे. पण अर्थ शोधू लागले तेव्हा हेच शब्द फार गोड निघाले. एक्स-यू हे व्हिएतनामचे नाणे आहे. ओ-ई हा फेरो बेटांकडचा भोवऱ्यासारखा वारा. ए-ए हा हवाईतील खडबडीत लाव्हा, आणि ए-आय म्हणजे झाडाला उलटा लटकणारा, तीन बोटांचा सुस्त प्राणी. के-ए हा प्राचीन इजिप्तमधील आत्मा, जे-ओ म्हणजे स्कॉटलंडमधील प्रियजन, क्यू-आय ही चिनी विचारातील प्राणशक्ती. आमच्या वहीच्या शेवटच्या पानांवर आता हे सगळे मराठीतून लिहिलेले आहे. नातवाला अर्थ येत नसेल तर त्याच्यासोबत अशी एक वही करावी, असे सुचवावेसे वाटते. मोठ्या शब्दाच्या अर्थाला जितकी जागा लागते तितकीच याही अर्थाला लागते.

आणि या यादीत आपलेही घर आहे, सर. लाख, कोटी, डाळ, रोटी, साडी, राणी, आणा हे सगळे शब्द इंग्रजी रूपात मान्य आहेत. डी-ए-एल हा तीन अक्षरी शब्द तर मी दर दोन-तीन डावांत एकदा लावतेच.

सात टाइल्स

मी काही वर्षे स्पर्धांमध्ये खेळलो आहे. अर्थाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, परंतु स्पर्धेतील खेळाचे यश त्यावर अवलंबून नाही, हेही नोंदवले पाहिजे. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली फ्रेंच भाषेतील जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. २०२४ साली त्यांनी स्पॅनिशमध्येही तेच केले. त्यांनी अर्थांवाचून याद्या आत्मसात केल्या. हे प्रत्येकाने करावे असे मी म्हणत नाही. मात्र पटावरचे कौशल्य आणि भाषेचे प्रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींना मान आहे.

आता मूळ विषयावर. सांजवात ताईंनी गुणांची बाजू उत्तम मांडली आहे, पण छोट्या शब्दाचा दुसरा लाभ त्याहून मोठा आहे असे मी मानतो: खेळीनंतर रॅकवर काय उरते. समजा, माझ्याकडे ए, ई, आय, एन, आर, टी आणि क्यू आहेत. पटावर एखादा मोकळा आय दिसतो. त्याच्या अलीकडे मी फक्त क्यू ठेवतो. गुण अकराच मिळतात आणि शेजारी बसलेल्या नवख्याला वाटते की खेळी वाया गेली. परंतु उरलेल्या सहा अक्षरांना पिशवीतून आलेले जवळजवळ कोणतेही अक्षर चालते. जी आला तर ग्रॅनाइट, पी आला तर पेंटर, सी आला तर सर्टन, आर आला तर ट्रेनर, यू आला तर यूरिनेट, आय आला तर इनर्शिया. एस, डी, एम, एफ, एच, के, एल यांपैकी काहीही आले तरी सात अक्षरी शब्द होतोच. पटावर जागा असली की पुढच्या खेळीला पन्नास जादा गुण जवळजवळ ठरलेले असतात. ती अकरा गुणांची खेळी खरे तर या पुढच्या खेळीची पेरणी असते.

मात्र येथेच मला सावधही करायचे आहे, कारण छोट्या शब्दांची गोडी लागलेले खेळाडू एका ठरावीक चुकीत अडकतात आणि मीही वर्षभर अडकलो होतो. स्क्रॅबलमध्ये १०० टाइल्स असतात. त्यांपैकी चार एस, दोन कोऱ्या (हव्या त्या अक्षरासाठी चालणाऱ्या) आणि जे, क्यू, एक्स, झेड प्रत्येकी एक, अशा दहा टाइल्स डाव फिरवतात. सुरुवातीला दोघांनी सात-सात उचलल्यावर पिशवीत ८६ उरतात. मी प्रत्येक खेळीत दोन टाइल्स लावत गेलो आणि प्रतिस्पर्धी पाच, तर त्या ८६ मधल्या साधारण २५ माझ्याकडे येतील आणि ६१ त्याच्याकडे जातील. म्हणजे अख्ख्या डावात मला ३२ टाइल्स दिसतील आणि त्याला ६८, आणि त्या दहा मोलाच्या टाइल्सपैकी सरासरी तीन माझ्या वाट्याला येतील व सात त्याच्या. प्रत्येक छोट्या खेळीत मी वीस-बावीस गुण घेत आहे म्हणून खूश होतो, आणि तिकडे कोऱ्या टाइल्स समोरच्याकडे जात होत्या.

म्हणून मी स्वतःला दोनच प्रश्न विचारतो. छोटा शब्द लावल्यावर जे उरते ते खरोखर चांगले आहे का? आणि नसेल, तर या खेळीचे गुण इतके जास्त आहेत का की उरलेल्याची चिंता करू नये? दोन्ही उत्तरे ‘नाही’ अशी आली तर चार-पाच टाइल्स मोकळ्या करणारा साधा शब्द लावावा, भले त्याचे गुण पाच-सहाने कमी असोत.

परदेशस्थ

न्यू जर्सीत राहतो, येथील मंडळात खेळतो. प्रथम एक व्यावहारिक सूचना: उत्तर अमेरिकेत वेगळी यादी चालते. २०१८ च्या येथील यादीत दोन अक्षरी शब्द १०७ आहेत. सांजवात ताईंचा झेड-ओ येथे लावला तर तो आक्षेप घेऊन उचलायला लावतात. उलट क्यू-आय आणि झेड-ए येथे २००६ पासून चालतात. गंमत म्हणजे ओ-के हा जगाच्या तोंडी असलेला शब्द येथे २०१८ मध्ये आणि कॉलिन्समध्ये २०१९ मध्ये मान्य झाला. भारतातून इकडे आलेल्या आणि इकडून सुटीला घरी गेलेल्या नातेवाइकांनी खेळ मांडण्यापूर्वी यादी ठरवून घ्यावी. आमच्याकडे एका सुटीत यावरून दोन चुलतभाऊ दोन दिवस बोलत नव्हते.

सात टाइल्स यांच्या गणिताला जोडून एक उदाहरण आठवते. २०१५ साली पर्थ येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत नायजेरियाचे वेलिंग्टन जिघेरे विजेते झाले. आफ्रिकेतून जागतिक विजेता होणारे ते पहिलेच. त्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची पद्धत त्या वेळी खूप चर्चिली गेली. सात अक्षरी शब्दाची संधी दिसली तरी तो लावलाच पाहिजे असे ते मानत नसत. लांब शब्द पट उघडतो आणि पाठोपाठ समोरच्यालाही मोठी जागा मिळते. त्यापेक्षा पाच अक्षरी शब्द लावावा, उपयोगी अक्षरे हाती ठेवावीत आणि पट आपल्या ताब्यात ठेवावा, हा त्यांचा विचार. अंतिम फेरीत इंग्लंडच्या लुईस मॅके यांच्याविरुद्ध त्यांनी एफ-ई-एल-टी-वाय हा शब्द ३६ गुणांना लावला होता. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की त्यांनी दोन अक्षरी टोक आणि सात अक्षरी टोक ही दोन्ही टाळून मधली लांबी निवडली. दोन टाइल्सच्या खेळीने जो तोटा होतो, तो पाच टाइल्सच्या खेळीने होत नाही.

चौकट

पट बंद करणे आणि उघडणे यावर फारसे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

समांतर शब्दांनी पट दाटतो, सात अक्षरांना जागा राहत नाही. साठ-सत्तर गुणांनी पुढे असताना हेच हवे असते. मागे असताना मात्र छोटे समांतर शब्द लावत राहणे म्हणजे स्वतःच दार लावून घेणे होय. तेव्हा गुण थोडे कमी पडले तरी बाहेरच्या मोकळ्या भागाकडे जाणारा लांब शब्द लावावा लागतो. आपण पुढे आहोत की मागे, हे न पाहता एकाच पद्धतीने खेळणारे अनेक चांगले शब्दज्ञ मी हरताना पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट व्ही या अक्षराची. कोणत्याही यादीत व्हीचा दोन अक्षरी शब्द नाही. त्यामुळे पटावर व्ही बसला की त्याच्या शेजारून समांतर शब्द सरकवणे अवघड होते, कारण व्हीला लागून येणारा शब्द किमान तीन अक्षरांचा करावा लागतो. अमेरिकी यादीत सीचेही असेच आहे. कॉलिन्समध्ये सी-एच एवढी एकच वाट आहे. पुढे असताना मी व्हीचा उपयोग भिंतीसारखा करते. आणि म्हणूनच पिशवी रिकामी होत आली की व्ही हातात ठेवत नाही. शेवटी दोन टाइल्स उरल्या असताना त्यांत एक व्ही असेल तर तो बसवायला जागाच सापडत नाही. समोरचा आधी संपवतो आणि आपल्या उरलेल्या टाइल्सचे गुण आपल्यातून वजा होऊन त्याला मिळतात. क्यू हातात राहिला तर दहा गेले आणि दहा समोर जमा झाले, म्हणजे वीसचा फरक.

टाइल्स बदलून घेण्याचा मार्गही तोवर बंद झालेला असतो, कारण डब्यातल्या नियमांप्रमाणे पिशवीत किमान सात टाइल्स असतील तरच बदल करता येतो. तेव्हा पिशवीत आठ-दहा टाइल्स उरल्या की थांबून पाहावे: माझ्या हातातील कोणते अक्षर शेवटी अडेल, आणि त्यासाठी पटावर दोन अक्षरांची एखादी जागा राखता येईल का? मी अशी जागा शोधून ठेवते आणि समोरच्याचे तिकडे लक्ष जाऊ नये म्हणून तिकडे पाहतही नाही.

भिंगरी

सर्वांचे प्रतिसाद वाचले. आमचा अनुभव देवनागरीचा आहे आणि तो या विषयाला लागूनच आहे, म्हणून लिहितो. आम्ही घरी पुठ्ठ्याच्या टाइल्स करून मराठीत खेळतो. आरंभी आम्ही टाइल्सवर नुसती व्यंजने आणि स्वर लिहिले आणि काना, मात्रा, वेलांटी मनाने धरायची असा नियम केला. एकच टाइल आडव्या शब्दात ‘का’ आणि उभ्या शब्दात ‘कु’ वाचली तरी चालत असे. खेळ चार रविवारांत बेचव झाला. ‘क’ आणि ‘ल’ शेजारी आले की काल, कला, कौल, कुल, केला, केली असे काहीतरी होतेच. कोणतीही दोन अक्षरे कोठेही चिकटवली तरी शब्द होत असेल तर छोट्या शब्दाला काय किंमत राहणार? इंग्रजीत तो मौल्यवान आहे तो बहुतेक जोड्या अमान्य असतात म्हणून, हे मला तेव्हा कळले.

मग माझ्या बहिणीने फाईलच्या पारदर्शक प्लास्टिकच्या चकत्या कापल्या आणि त्यांवर काना, वेलांटी, उकार, मात्रा शाईने काढल्या. टाइल ठेवताना तिच्यावर चकती ठेवायची आणि एकदा ठेवली की ती दोन्ही दिशांना कायम. या एका नियमाने खेळ जिवंत झाला. उदाहरण देतो. पटावर ‘पाणी’ आडवे आहे. त्याच्या वर समांतर शब्द लावायचा. ‘पा’च्या वर असे अक्षर हवे की त्याचा ‘पा’सह शब्द होईल, आणि ‘णी’च्या वरही तसेच, आणि ती दोन अक्षरे मिळूनही शब्द झाला पाहिजे. माझ्या पुतणीने बराच वेळ विचार करून ‘थारा’ लावला. उभे शब्द झाले ‘थापा’ आणि ‘राणी’. दोन टाइल्समध्ये तीन शब्द.

आणि चौकट ताईंचा व्ही आमच्याकडे ‘ण’ आणि ‘ळ’ आहेत. मराठी शब्द या अक्षरांनी सुरू होत नाही, त्यामुळे ‘पाणी’च्या खाली ‘णी’ला चिकटून काहीही बसत नाही, वाट फक्त वरून असते. ‘ळ’ हाती आला की त्याला शेवटचे घर शोधून द्यावेच लागते.

कोकणवारा

भिंगरी, आपला ‘थारा’ वाचून मी पुठ्ठा आणि कात्री काढली. नातवालाही बसवले आहे. एक प्रश्न: जोडाक्षरांचे काय करता?

भिंगरी

काका, जोडाक्षराला दोन टाइल्स एकाच घरात, एकावर एक ठेवतो आणि दोन्हींचे गुण धरतो. ‘श्री’, ‘स्त्री’ असे एकाक्षरी शब्द त्यामुळे एका घरात दोन किंवा तीन टाइल्स मोकळ्या करतात. सात टाइल्स यांनी सांगितलेला पिशवी रिकामी करण्याचा मुद्दा आमच्याकडे असा सुटतो.

सांजवात

काल चकत्यांच्या नियमाने आमचा पहिला मराठी डाव झाला. शेवटी पिशवी रिकामी होती, दिरांकडे तीन टाइल्स होत्या आणि माझ्याकडे एकटा ‘ळ’. उजव्या कडेला ‘नवे’ हा शब्द होता आणि त्यातील ‘वे’च्या खालचे घर मी आधीच्या दोन खेळ्या मुद्दाम मोकळे ठेवले होते. तेथे ‘ळ’ ठेवला, ‘वेळ’ तयार झाला आणि डाव संपला. त्यांच्या तीन टाइल्सचे गुण मला मिळून मी चार गुणांनी जिंकले. ती खेळी वहीत लिहिली आहे.